बरोबरीची कुस्ती आणि एक कावळा

नाथाजी पैलवानांच्या डोक्यावर कावळा बसला तो सकाळी, गोठ्यात, म्हशीची धार काढताना. बसला म्हणजे नुसता टेकला आणि उडाला. नाथाजींनी एक शिवी हासडली आणि पुन्हा धारेला लागले. विषय तिथंच संपायचा, पण वैरणीची पेंडी घेऊन राहीबाई मागं उभ्या होत्या आणि त्यांनी कावळा पाहिला होता. त्यांच्या हातातली पेंडी खाली पडली.

कावळा डोक्याला शिवला म्हणजे त्या माणसाचं काही खरं नाही, हे त्या भागात शाळेत न शिकवताही सगळ्यांना माहीत असतं. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या कुणाला तरी धाडायची. ऐकणाऱ्यानं ती खरी मानून रडलं पाहिजे. डोळ्यांतून पाणी आलं की यमाला वाटतं, इथलं काम उरकलेलं दिसतंय, आणि तो पुढच्या गावाला जातो. मग दिवस मावळायच्या आत खरं कळवायचं आणि मुकाट शिव्या खायच्या. पुराणातल्या राक्षसांनी अमर होण्यासाठी एका पायावर उभं राहून तप केलं, आणि तरी त्यांच्या वरात कुठंतरी फट राहिलीच. इथं फक्त एक रडका नातेवाईक लागतो.

पण असा नातेवाईक आणायचा कुठून? राहीबाई चुलीपुढं बसून विचार करू लागल्या. नाथाजींच्या बहिणीला, तानुबाईंना, कळवावं तर त्यांच्या हृदयाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. बातमी खोटी आणि मरण खरं व्हायचं. पुण्याच्या लेकीला कळवावं तर ती रडत रडत गाडी चालवत निघेल. नातू रविराज फौजेत, बर्फात कुठंतरी. त्याला असलं सांगणं पापच. राहता राहिले राहीबाईंचे धाकटे भाऊ. ते रडणार नाहीत याची खुद्द राहीबाईंना खात्री होती.

नाथाजींचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. ते खुशाल चहा पीत होते. पण चहा संपता संपता त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"हंबीरला कळवा," ते म्हणाले.

राहीबाईंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. "त्यो रडंल व्हय? त्यो पेढं वाटंल."

हंबीरराव विट्याकडचे पैलवान. पन्नासएक वर्षांपूर्वी, दोघांच्याही माना बैलाच्या वशिंडाएवढ्या होत्या तेव्हा, रहिमतपूरच्या अलीकडच्या एका यात्रेत त्यांची कुस्ती लागली होती. दिवस बुडायला आला तरी निकाल लागेना. मग नाथाजींनी घिस्सा डाव मारला, हंबीरराव उलथले, आणि नाथाजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची पाठ मातीला पुरती लागली. हंबीररावांच्या म्हणण्याप्रमाणे नुसता खांदा घासला. पंच नेमके त्याच वेळी डोळ्यांत गेलेली धूळ काढत होते. त्यांनी दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवली आणि मानाचा नारळ घेऊन ते घरी गेले.

कुस्ती सुटली, भांडण सुटलं नाही. पुढं दोघांनीही पुष्कळ मैदानं मारली, गदा आणल्या, फेटे बांधून घेतले. पण नाथाजींच्या मनात ती एकच कुस्ती अडकून बसली. सात चिरंजीवांपैकी अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अजून दारोदार तेल मागत फिरतो म्हणतात. नाथाजी तेल मागत नव्हते एवढंच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला ते ही कुस्ती पहिल्यापासून सांगत, आणि पाहुण्याचा भात निवून जाई. दर दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं ते हंबीररावांना फोन करत. पहिलं वाक्य आपट्याच्या पानांचं, दुसरं पावसापाण्याचं, आणि तिसऱ्या वाक्याला पाठ लागली का खांदा घासला यावर दोघं हमरीतुमरीवर येत. हंबीररावांनी एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं कबूल करावं, एवढीच त्या म्हाताऱ्याची इच्छा उरली होती.

राहीबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. "तुमाला जीव वाचवायचा न्हाई, कुस्ती जिंकायचीय," त्या म्हणाल्या. नाथाजींच्या नुसत्या मिशा हलल्या. दुसरं माणूस सुचत नव्हतं म्हणून शेवटी राहीबाई कबूल झाल्या. मात्र एक अट त्यांनी घातली. हंबीररावांच्या डोळ्यांतून पाणी आलंच पाहिजे. बाकी ते काय बोलतात याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

फोन करायचं काम रविराजच्या बायकोवर, नातसुनेवर, आलं. पूजा पाचगणीची, वडिलांच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वाढलेली. चैत्रात लग्न होऊन ती या घरात आली होती, आणि सासरचा पहिला महत्त्वाचा निरोप असा निघेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं जीव मुठीत धरून फोन लावला आणि नाथाजी आबा गेले असं सांगितलं. मग हंबीररावांनी विचारलं, कवा? पूजा गडबडली आणि म्हणाली, सकाळी, धार काढताना. फोन बंद झाला.

राहीबाईंनी लगेच विचारलं, रडले का? पूजाला काही कळलं नव्हतं. आता ही पंचाईतच झाली. पाणी आलं का नाही, याचा पुरावा नसताना यम गेला असं धरून कसं चालायचं? थोड्या वेळानं खरं सांगायला म्हणून पूजानं पुन्हा फोन लावला, तर तो हंबीररावांच्या सुनेनं उचलला. मामंजी जीप सांगून मघाशीच निघाले, फोन मात्र कॉटवरच विसरले, असं ती म्हणाली. कावळ्याचं ऐकल्यावर ती पोट धरून हसली. पण जीपवाल्याचा नंबर तिच्याकडं नव्हता, आणि आता मामंजींना गाठायचं कसं हे तिलाही सुचेना.

त्यात हंबीररावांनी निघताना विट्याच्या पैलवानांच्या ग्रुपवर बातमी टाकायला कुणाला तरी सांगितलं होतं. ती बातमी तिथून कुठं कुठं फिरून, जीप विट्याबाहेर पडते न पडते तोच, नाथाजींच्या गावात शंभूराजच्या मोबाइलवर येऊन पोचली. शंभूराजला पुढच्या वर्षी सरपंचपदाला उभं राहायचं होतं, त्यामुळं गावातल्या मरणाला तो एवढ्यात मागं राहत नसे. त्यानं घरी येऊन विचारायच्या आधी रहिमतपूरला फ्लेक्स सांगितला. दुपारी तो स्टँडवर लागलाही. वर नाथाजींचा रविराजच्या लग्नातला फेट्यातला फोटो, एका बाजूला मारुती, खाली शंभूराज हात जोडून उभा, आणि मधे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अजिंक्य मल्ल नाथाजी पैलवान अमर रहे'.

मग शंभूराज घरी सांत्वनाला आला, आणि नाथाजींनीच त्याला पाट दिला. बिचारा पांढराफटक पडला. खरं कळल्यावर त्यानं फ्लेक्स उतरवायची तयारी दाखवली, पण नाथाजींनी स्वतः स्टँडवर जाऊन तो बघितला आणि राहू द्या म्हणाले. जिवंतपणी त्यांना कुणी अजिंक्य म्हटलं नव्हतं. अमर हा शब्द तर आपल्याकडं माणूस मेल्याशिवाय कुणी वापरतच नाही. मुलगा जन्मला की त्याच्या नावामागं चिरंजीव लावतात, आणि मेला की अमर म्हणतात. मधल्या काळात फक्त अवो आणि काय रं. तेव्हा आयता मिळालेला मान सोडायला नाथाजी तयार नव्हते.

बातमी खोटी आहे हे आता गावभर झालं होतं, आणि हंबीरराव येताहेत हेही झालं होतं. अंगणात माणसं जमली. म्हातारे पैलवान पुढं, बायका भिंतीकडंला, आणि सगळ्यांचे चेहरे मयताला शोभतील इतके उतरलेले. हंबीरराव जीपमधून उतरताच खरं सांगून टाकावं असं राहीबाईंचं मत होतं. नाथाजींनी हात जोडले. "आदी त्यो काय म्हनतोय ते ऐकू दे," ते म्हणाले, "मग सांगा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं हात जोडलेले राहीबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी मान डोलावली. नाथाजी माजघरात जाऊन दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले.

वाटेत टायर बसल्यानं रखडलेली जीप दिवस कलायच्या सुमारास आली. हंबीरराव उतरले. वाटेत स्टँडवर त्यांनी फ्लेक्स बघितला असणार, कारण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. राहीबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, म्हणून त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. खोटं बोलायची लाज आणि हसू एकदमच येऊन त्यांचे खांदे हलू लागले. हंबीररावांना ते रडणं वाटलं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि वैनी एवढंच म्हणाले. लेक पुण्याहून निघालीय, तोवर आत ठेवलंय, असं शंभूराजनं सांगून टाकलं. हंबीरराव दाराकडं बघत राहिले, पण आत गेले नाहीत. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. तशी रीतच आहे. आणि पूजानं मोबाइल वर धरला, कारण असली कुठलीही गंमत ती रविराजला पाठवत असे.

"मला बोलाया येत न्हाई," हंबीरराव म्हणाले. "येकच सांगतो. त्या यात्रंत माजी पाठ लागली हुती. दोनी खांदं टेकलं हुतं. पंचाला दिसलं न्हाई, पर मला कळलं हुतं. पाठीला मातीचा गारवा लागतो, त्यो लपत न्हाई. कुस्ती नाथानं मारली."

दाराआड उभ्या नाथाजींनी या वाक्याची आयुष्यभर वाट पाहिली होती. ते ऐकल्यावर आपण काय करू, कसं ओरडू, कुणाला मिठी मारू, हे त्यांनी म्हशीला वैरण घालताना कितीदा ठरवलं होतं. आणि आता ते दाराची कडी धरून नुसते उभे होते. फटीतून त्यांनी राहीबाईंकडं पाहिलं. राहीबाईंनी पदराआडून डोळ्याखाली बोट लावून नकारार्थी मान हलवली. हंबीररावांचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

पण नाथाजींना आता कुठला दम धरवतोय. आनंद पोटात मावेना. त्यांनी उजवा हात उगारला आणि माजघरात असा शड्डू ठोकला की फडताळातली भांडी वाजली.

अंगणात हंबीरराव जागच्या जागी दचकले. तो आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा वाटणं शक्यच नव्हतं. दार उघडलं आणि नाथाजी बाहेर आले, मिशांना पीळ देत, दंड थोपटत. लोक हसायला लागले. हंबीरराव मात्र हसले नाहीत. ते दोन पावलं पुढं आले, नाथाजींच्या खांद्याला हात लावून बघितला, आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. रडता रडता ते नाथाजींच्या छातीवर मुठी मारत होते.

"माजं आता कोन ऱ्हायलंय रं भांडायला?" ते म्हणाले. "सगळं गेलं. तूबी असा करतूस व्हय?"

लोकांचं हसू आपोआप थांबलं. राहीबाईंनी पदर मागं सारला, देवाला हात जोडले आणि चुलीकडं वळल्या. मेल्यावर यायचं पाणी जिवंत बघून आलं, हे नियमात बसतं का नाही यावर दोन म्हाताऱ्या बायकांमध्ये थोडी चर्चा झाली. राहीबाईंनी ती मिटवली. पाणी ते पाणी, असं त्यांनी सांगितलं आणि कोंबडा कापायला लावला.

जेवायला बसल्यावर नाथाजींनी विषय काढला. चारचौघांत कबूल केलंस, आता माघार नाही, असं त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. हंबीररावांनी रस्सा ओरपला आणि तोंड पुसलं.

"कुनापुढं कबूल केलं?" ते म्हणाले. "तू मेला हुतास. मेलेल्या गड्याला रिकाम्या हातानं कशाला धाडायचं, म्हनून बोललो. जित्या मानसाची कुस्ती बरोबरीत हाय."

"म्हंजी जिंकायचं तर मी मरू?"

"मर की. त्या दिशी पुन्ना येऊन सांगीन."

नाथाजींनी पंगतीकडं दाद मागितली. पण शंभूराजसकट सगळ्यांनी ताटात मान घातली. श्रद्धांजलीतलं बोलणं कुणी धरून बसतं काय, असं शेवटी एकजण म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. ज्यानं हयातीत कुणाला विडी दिली नाही तो त्या दिवशी दानशूर होतो, आणि ज्याचं बायकोशी एक दिवस पटलं नाही तो प्रेमळ पती. नाथाजी घटकाभर अजिंक्य होते. जिवंत झाले आणि पुन्हा बरोबरीत आले. राहीबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक फोड वाढली, पण त्यांनी ती बाजूला सारली.

हात धुवायला ते मागच्या दारी गेले तेव्हा पूजा तिथं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, सगळं घेतलंय मी. त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आलंय. सगळ्या ग्रुपवर टाकू?"

नाथाजींचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांचा निकाल त्या नातसुनेच्या तळहातावर होता. एक बोट दाबलं की विट्यापासून सगळ्या मुलखाला कळणार, आणि हंबीररावांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि आधी आपण बघू म्हणाले.

बोलणं स्पष्ट आलं होतं. दोनी खांदं टेकलं हुतं. कुस्ती नाथानं मारली. नाथाजींनी खुशीत मान डोलवली. पण त्यानंतर, शड्डू वाजायच्या आधी, असं काहीतरी झालं होतं जे त्यांना दाराच्या फटीतून दिसलं नव्हतं, कारण तेव्हा ते राहीबाईंकडं बघत होते. बोलणं संपवून हंबीरराव खाली वाकले होते. त्यांनी अंगणातली चिमूटभर माती उचलली होती. कुस्ती लागायच्या आधी पैलवान तशी माती उचलून समोरच्याच्या हातावर घालतो. हंबीरराव माती घेऊन सरळ झाले, त्यांनी हात पुढं केला, आणि पुढं कुणीच नव्हतं. ते तसेच उभे राहिले. ती माती कुठं टाकावी हे त्यांना कळत नव्हतं.

नाथाजींनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी त्यांनी बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. आपण याला उगाच रडवलं, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. त्याच वेळी हा आपल्यासाठी रडला याचा आनंदही झाला. तो कुस्ती मारल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

"टाकू का?" पूजानं विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले आणि मोबाइल तिच्या हातात देऊन पुढच्या दारी गेले.

हंबीरराव निघायच्या बेतात होते. त्यांनी फेटा बांधला होता आणि जीपचा दरवाजा उघडला होता. "जातो," ते म्हणाले. राहीबाई दारातूनच करवादल्या, आजच्या दिवशी असलं तोंडातून काढू नका, येतो म्हणा. हंबीररावांनी निमूटपणे येतो म्हटलं. नाथाजी गुडघ्यावर हात टेकून कसेबसे वाकले. त्यांनी दारातली चिमूटभर माती उचलली, जीपजवळ गेले आणि हंबीररावांच्या तळहातावर घातली. हंबीररावांनी मातीकडं पाहिलं, मग नाथाजींकडं पाहिलं. त्यांनी ती कपाळाला लावली आणि ड्रायव्हरला निघ म्हणाले.

जीप वळणाआड गेली. शंभूराजनं आता स्टँडवरचा फ्लेक्स उतरवून आणून दिला, तो राहीबाईंनी तात्काळ कडब्याच्या गंजीवर टाकला आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. अमर नाथाजी फेटा बांधून आभाळाकडं बघत राहिले. खालचे नाथाजी ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी पूजाला जवळ बोलावलं.

"ह्यातला आवाज तेवढा काडून टाकता येतो का गं?"

"येतो की. पण आबा, मग ते काय बोलले ते कुणालाच कळणार नाही."

"न्हाई कळलं तर न्हाई. मानूस ऱ्हाऊ दे, आवाज काड."

पूजानं काढला. मग दोघांनी मिळून तो पुन्हा पाहिला. हंबीररावांचे ओठ हलले, ते वाकले, माती उचलली, हात पुढं करून उभे राहिले, आणि मग समोर आलेल्या नाथाजींना बघून रडू लागले. कुठंच काही ऐकू आलं नाही. नाथाजी डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघत होते.

पूजानं विचारलं, रविराजना हे पाठवते, पण कुस्तीचा निकाल काय लागला म्हणून ते विचारतील, त्यांना काय सांगू? नाथाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"सांग," ते म्हणाले, "बरोबरीत सुटली."